वाद जेनेरिकचा, दुखणे खरेदीचे

औषधांच्या किमतीवरून आपल्याकडे वाद पेटला की तो दोन-चार दिवसांत एकाच प्रश्नापाशी येऊन अडतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव लिहायचे की कंपनीचे (ब्रँड)? एक गट म्हणतो, डॉक्टर आणि कंपन्यांचे साटेलोटे आहे, म्हणून स्वस्तातली गोळी महागात गळ्यात पडते. दुसरा विचारतो, उद्या पेशंटला गुण आला नाही तर जबाबदार कोण, दुकानदार? ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मूळ नाव लिहिणे सक्तीचे करणारी नियमावली काढली. डॉक्टरांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला आणि त्याच महिन्यात ती स्थगित झाली. मग पुन्हा शांतता. नागपुरातल्या मेडिकल चौकातल्या औषध दुकानांसमोरची गर्दी नियमावली निघाली तेव्हा जेवढी होती, ती स्थगित झाली तेव्हाही तेवढीच होती. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्याकडे ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ‘मेयो’ म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे. औषधाच्या दुकानालाही आम्ही मेडिकलच म्हणतो, पण तो घोळ इथे टाळतो.)

माझे मत आधीच सांगून टाकतो. हा वाद चुकीच्या कागदावर चालला आहे. चिठ्ठी हा शेवटचा कागद. त्याआधी मागणीपत्र असते, निविदा असते, पुरवठा आदेश असतो, प्रयोगशाळेचा अहवाल असतो आणि पुरवठादाराचे बिल असते. अत्यावश्यक औषध गरिबाच्या हातात पडते की नाही, ते या पाच कागदांवर ठरते. ते वेळेवर हलले तर चिठ्ठीवरच्या नावाला फारसे महत्त्व उरत नाही, कारण औषध सरकारी खिडकीवरच मिळते. ते अडले तर डॉक्टरने मूळ नाव ठळक अक्षरांत लिहिले तरी माणूस बाहेरच्याच दुकानात जातो आणि तिथे जे मिळेल ते, पडेल त्या भावाने घेतो.

गेल्या काही वर्षांत नागपूरने दोन प्रकरणे जवळून पाहिली. दोन्ही गटांना ती सारखीच अडचणीची आहेत.

पहिले कळमेश्वरचे. मार्च २०२३ मध्ये तिथल्या सरकारी दवाखान्यातून अन्न व औषध प्रशासनाने सिप्रोफ्लॉक्सासिन या नेहमीच्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा नमुना घेतला आणि मुंबईच्या शासकीय प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला डिसेंबरमध्ये. गोळीत औषधच नव्हते. पुढे मेयोच्या भांडारातूनही तशाच गोळ्या जप्त झाल्या. २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले, तेव्हा कळले की हा माल हरिद्वारमध्ये, जनावरांची औषधे बनवणाऱ्या एका ठिकाणी, टाल्कम पावडर आणि स्टार्च मिसळून तयार होत होता आणि सरकारी रुग्णालयांना पुरवला जात होता. मार्च ते डिसेंबर, नऊ महिने. ज्यांना त्या गोळ्या दिल्या गेल्या, त्यांचे जे व्हायचे ते तोवर होऊन गेले होते.

दुसरे मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याचे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये परासिया भागातली लहान मुले एकामागून एक किडनी निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. छिंदवाडा, बैतूल, शिवनी, बालाघाट इथल्या लोकांसाठी मोठे आजारपण म्हणजे नागपूरच. राज्याची सीमा मधे आहे हे कुणाच्या गावी नसते. मुलांना दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने तपासले तेव्हा त्याचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. वीसहून अधिक मुले गेली. हे औषध सरकारी निविदेतले नव्हते आणि जनऔषधी केंद्रातलेही नव्हते. त्याला रीतसर ब्रँडनाव होते, छापील वेष्टन होते, उत्पादनाचा परवाना होता, आणि आईबापांनी रोख पैसे मोजून ते घेतले होते.

सरकारी पुरवठा आहे म्हणून डोळे झाकून घ्या, असे आता कळमेश्वरनंतर कुणी सांगू नये. आणि नाव छापलेले आहे म्हणून खात्री बाळगा, असे परासियानंतर कुणी सांगू नये. पण वाद मात्र अजून या दोन टोकांवरच चालतो.

डॉक्टरांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला मान्य आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. परदेशात जेनेरिक लिहिले की कोणतीही कंपनी आली तरी मूळ औषधाइतकाच परिणाम होतो, याची हमी नियामक यंत्रणा देते. आपल्याकडे ही हमी फार काळ विरळ होती. औषध बाजारात येऊन चार वर्षे झाली की पुढच्या कंपन्यांना राज्याकडून परवाना मिळवताना ते रक्तात मूळ औषधाइतकेच उतरते हे सिद्ध करावे लागत नसे. पोटात नीट न विरघळणाऱ्या औषधांच्या वर्गासाठी ही चाचणी सक्तीची झाली ती थेट २०१७ मध्ये. आणि दुसरे असे की डॉक्टरने मूळ नाव लिहिले म्हणजे निवड रुग्णाच्या हाती जात नाही, काउंटरमागच्या माणसाच्या हाती जाते. समजा, एका गोळीच्या पट्टीवर छापील किंमत नव्वद रुपये आहे आणि गंजीपेठेतल्या दवाबाजारात ती दुकानदाराला पंधरा रुपयांना पडते. दुसऱ्या कंपनीची पट्टी साठ रुपयांची आहे आणि त्याला अठ्ठेचाळीसला पडते. दुकानदार कोणता पुढे करील? जेनेरिक औषधांच्या व्यापारातला हा फायदा रुग्णापर्यंत न येता मधेच मुरतो, ही डॉक्टरांची तक्रार खोटी नाही.

पण त्यावरून ‘म्हणून ब्रँडच लिहू द्या’ हा निष्कर्ष कसा निघतो? आपल्याकडे ब्रँड म्हणून जे विकले जाते, तेही बहुतांश पेटंट संपलेले जेनेरिकच असते, नाव चढवलेले. त्याच परवान्यावर, कित्येकदा त्याच कारखान्यात तयार झालेले. आणि मोठ्या नावाने दर्जाची हमी मिळते म्हणावे, तर २०१३ मध्ये रॅनबॅक्सीने अमेरिकेत भेसळयुक्त औषधे आणि खोट्या माहितीबद्दलचे गुन्हे कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. तेव्हा ती देशातली सगळ्यात मोठ्या औषध कंपन्यांपैकी एक होती. डॉक्टरला एखाद्या कंपनीचा अनुभव चांगला आहे, हे मी समजू शकतो. पण अनुभव म्हणजे तपासणी नव्हे. एका दवाखान्यात बसून बॅच-बॅचमधला फरक कुणालाच दिसत नाही. तो प्रयोगशाळेतच दिसतो, आणि प्रयोगशाळा कोणी चालवायची हा प्रश्न पुन्हा सरकारकडेच येतो.

नावांचे हे भांडण पन्नास वर्षे जुने आहे, हेही थोडे लक्षात घ्यावे. १९७५ मध्ये केंद्राने नेमलेल्या हाथी समितीने ब्रँडनावे टप्प्याटप्प्याने काढून टाका, सुरुवात १३ औषधांपासून करा, अशी शिफारस केली होती. ती अमलात आली असती तर काय झाले असते? उत्तर शेजारी आहे. १९७२ मध्ये पाकिस्तानने कायदाच केला: औषधे मूळ नावानेच विकायची, ब्रँड बंद. दर्जा तपासण्याची यंत्रणा तयार नव्हती, डॉक्टर विरोधात, कंपन्या विरोधात, बाजारात हलक्या मालाबद्दल ओरड. चार वर्षांत, १९७६ मध्ये, तो कायदा गुंडाळला गेला. त्याच सुमारास श्रीलंकेने दुसरी वाट धरली. १९७१ मध्ये सेनाका बिबिले या औषधशास्त्राच्या प्राध्यापकाच्या अध्यक्षतेखाली सरकारी औषध महामंडळ उभे राहिले. त्यांनी आधी यादी लहान केली, हजारोंच्या घरातली औषधे काही शेकड्यांवर आणली, आणि मग एकगठ्ठा जागतिक निविदा काढून खरेदी सुरू केली. बड्या परदेशी कंपन्यांनी आणि त्यांच्या सरकारांनी त्यांना कमी त्रास दिला नाही. ते धोरण जसेच्या तसे टिकलेही नाही. पण महामंडळ टिकले. जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी काढली ती १९७७ मध्ये, म्हणजे त्यानंतर. एका देशाने नावावर बंदी घातली, दुसऱ्याने खरेदीची पद्धत बदलली. आपण पन्नास वर्षांनी पुन्हा पहिल्याच देशाचा प्रयोग करायला निघालो आहोत.

खरेदीची पद्धत बदलणे म्हणजे काय, हे पाहायला कोलंबोपर्यंतही जायला नको. तामिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ काढले. त्याचे काम समजून घेतले तर त्यात चमत्कार काहीच नाही, सगळा हिशेबीपणा आहे. राज्यासाठी औषधांची एक यादी. त्या यादीतली औषधे एकत्र, मोठ्या प्रमाणात, निविदेने. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे. माल गोदामात आला की आधी बाजूला ठेवायचा, प्रत्येक बॅचचा नमुना काढायचा, त्यावरचे कंपनीचे नाव झाकून ठरवून दिलेल्या प्रयोगशाळांकडे पाठवायचा, आणि अहवाल चांगला आला तरच माल रुग्णालयाला सोडायचा. प्रत्येक रुग्णालयाकडे बँकेसारखे पासबुक: वर्षाची रक्कम त्यात जमा, गोदामातून औषध उचलले की तेवढी वजा. म्हणजे कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला काय लागते हे चेन्नईतला अधिकारी ठरवत नाही, तिथला डॉक्टर ठरवतो. पण तो दुकानात जाऊन खरेदी करत नाही. पट्टीवर सरकारी बोधचिन्ह छापलेले, त्यामुळे चोरून बाहेर विकणे अवघड. माल नापास झाला तर कंपनी काळ्या यादीत. आणि माल पास झाला तर पैसे वेळेवर.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात कमी बोलला जातो आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. सरकार वर्ष-वर्ष बिल थकवते अशी ख्याती झाली की काय होते? चांगली कंपनी निविदा भरतच नाही. जी भरते ती थकबाकीचे व्याज धरूनच भाव सांगते. आणि उरतात ते असे मध्यस्थ, ज्यांना पैसे उशिरा मिळाले तरी चालते, कारण गोळीत टाल्कम पावडर घालायला खर्च कितीसा येतो? कमीत कमी दराच्या निविदेने भेसळ येते असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. कमीत कमी दर, अधिक उशिराचे पैसे, अधिक वापरून झाल्यावरची तपासणी, हे तिन्ही एकत्र आले की भेसळ येते.

तामिळनाडू श्रीमंत आणि शिस्तीचे राज्य, आपल्याला कसे जमेल, असे कुणी म्हणेल तर राजस्थानकडे बघा. तिथे २ ऑक्टोबर २०११ ला सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना सुरू झाली. त्याआधी चितोडगडचे जिल्हाधिकारी समित शर्मा यांनी जेनेरिक औषधांचा प्रयोग जिल्ह्यापुरता करून दाखवला होता. तोच पुढे राज्यभर गेला. खरेदीसाठी तामिळनाडूच्या धर्तीवर स्वतंत्र महामंडळ उभे केले गेले. सरकारे बदलली, कधी काँग्रेस, कधी भाजप, पण योजना बंद करायची हिंमत कुणाला झाली नाही. राजस्थान महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत आहे असे निदान मुंबईत तरी कुणी म्हणणार नाही.

मग महाराष्ट्राचे काय? आपण २०१७ मध्ये सरकारी रुग्णालयांची खरेदी हाफकिनकडे सोपवली. लशी आणि सर्पदंशावरचे औषध बनवण्यात या संस्थेचे नाव मोठे. पण लस बनवणे आणि हजारो वस्तूंच्या निविदा काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. निविदा रखडल्या, रुग्णालयांनी आगाऊ दिलेले पैसे पडून राहिले आणि वॉर्डात औषधे संपत राहिली. शेवटी २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यूंची बातमी आली आणि औषधांचा तुटवडा होता की नव्हता यावर सरकार आणि विरोधक तुटून पडले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ते मृत्यू औषधांअभावी झाले असे मी म्हणत नाही. पण २४ तासांत २४ माणसे जातात आणि त्या दिवशी भांडारात कोणते औषध किती होते हे सांगणारा एक कागद लोकांसमोर येत नाही, याला काय म्हणायचे?

केंद्रीय खरेदी अडली की रुग्णालयाकडे एकच उपाय उरतो: स्थानिक खरेदी. महिन्याचा किराणा एकदम भरायचा सोडून रोज कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडीपुडीने आणावा, तसा हा प्रकार. भाव जास्त, मोजमाप नाही, आणि तपासणीचा तर प्रश्नच येत नाही, कारण माल आला त्याच दिवशी संपतो. तीही खरेदी अपुरी पडली की मग ती परिचित चिठ्ठी हातात येते. “हे बाहेरून आणा लागते भाऊ.” गडचिरोलीहून किंवा गोंदियाहून एसटीने आलेल्या माणसाला या एका वाक्यात सरकारी आरोग्यसेवेचा सगळा हिशेब कळतो.

आणखी एक गाठ आपणच मारून ठेवली आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सरकारी उपचार मोफत झाले, अशी मोठी जाहिरात झाली. निर्णय चांगलाच होता. पण तो सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरता होता. मेडिकल आणि मेयो येतात वैद्यकीय शिक्षण विभागाखाली. म्हणजे आरोग्य विभागाच्या डागा रुग्णालयात एक नियम आणि तिथून हाकेच्या अंतरावरच्या मेयोत दुसरा. बाळंतपणाला आलेल्या बाईला डागातून मेयोत हलवले तर तिने वाटेत कोणत्या विभागाची हद्द ओलांडली हे तिला कोण सांगणार? विदर्भ, मध्य प्रदेश, तेलंगण इथून सगळ्यात गंभीर रुग्ण ज्या दोन रुग्णालयांत येतात, तीच दोन बाहेर ठेवून मोफत उपचार जाहीर करणे हे सरकारी कामकाजात शक्य असते. रुग्णाला त्यातले तर्कशास्त्र समजण्याची अपेक्षा मात्र नसावी.

जनऔषधी केंद्रांचे काय, असे यावर हमखास विचारले जाते. योजना २००८ ची. आता देशभरात पंधरा हजारांहून अधिक केंद्रे आहेत. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या तिथे खरोखर स्वस्त मिळतात आणि नागपुरातल्या अनेक निवृत्त मंडळींचा महिन्याचा खर्च त्यामुळे खाली आला आहे. ही योजना बंद करा असे कुणी सांगत असेल तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. पण ते दुकान आहे. तिथे पैसे मोजावे लागतात. ज्याच्याकडे मोजायला थोडे तरी आहे त्याला त्याचा फायदा होतो. सरकारी रुग्णालयाच्या दारात जनऔषधी केंद्र उघडले की आतल्या खिडकीवर औषध नसण्याची लाज कमी होते, ही माझी खरी भीती आहे. बाहेर स्वस्त मिळते ना, मग आत नसले तर काय बिघडले? सरकार स्वस्त दुकानदार होऊ पाहते आणि मोठा खरेदीदार म्हणून असलेली आपली ताकद वापरायचे विसरते. वास्तविक राज्य सरकारने एकगठ्ठा निविदा काढली तर कित्येक औषधे छापील किमतीच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली मिळतात. हे तामिळनाडू आणि राजस्थानच्या जाहीर दरपत्रकांत कुणालाही पाहता येते.

दुसरे उत्तर दिले जाते विम्याचे. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सर्वांसाठी, पाच लाखांपर्यंत. तीही उपयोगी आहे. धंतोलीतल्या आणि रामदासपेठेतल्या खासगी रुग्णालयांचे दार तिच्यामुळे काहींना उघडले. पण ती उघडते ते भरती झाल्यावर. रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची असते, आणि ती योजनेत बसत नाही. ती न घेतल्याने पक्षाघात झाला की मग योजना लागू होते. गोळीला पैसे नाहीत, पक्षाघाताला आहेत. ही उलटी व्यवस्था आपण इतकी सवयीची करून घेतली आहे की तिच्यातला वेडेपणाही दिसेनासा झाला आहे. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोक स्वतःच्या खिशातून करतात. हे प्रमाण २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होते, म्हणजे घटले आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण खिशातून जाणाऱ्या पैशात मोठा वाटा भरती न होता घेतलेल्या औषधांचा असतो, आणि तिथेच विमा हात वर करतो.

याच्या उलट उदाहरण नागपूरच्या दोन्ही बाजूंना आहे. २०१७ च्या अखेरीस रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातले पहिले जिल्हे होते भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग. त्यात नवे औषध काही नव्हते. कोणती गोळी आधी, रक्तदाब उतरला नाही तर दुसरी कोणती, याचा ठरलेला क्रम, मोजकीच औषधे, आणि जमेल तिथे एकदम महिनाभराच्या गोळ्या. यादी लहान ठेवली की खरेदीचा अंदाज बांधता येतो. अंदाज बांधता आला की साठा राहतो. श्रीलंकेने १९७१ मध्ये जे केले, त्याचीच ही जिल्ह्याएवढी आवृत्ती.

विदर्भात हे सगळ्यात जास्त कुठे लागू पडते, तर सिकलसेलमध्ये. हा रक्ताचा आनुवंशिक आजार आमच्याकडे घराघरांतला आहे. आदिवासी पाड्यांतही आहे आणि उत्तर नागपूरच्या वस्त्यांतही. हायड्रॉक्सियुरिया हे त्यावरचे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक यादीत आहे, जुने आहे, पेटंटमुक्त आहे. ते रोज घ्यावे लागते, अधूनमधून रक्त तपासावे लागते, आणि घेतले तर दुखण्याचे झटके आणि भरती होण्याचे प्रसंग कमी होतात. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जाहीर झाली. तपासण्या झाल्या, कार्डे वाटली गेली. कार्ड दाखवून दर महिन्याला तालुक्यातच ती कॅप्सूल मिळत असेल तर त्या कार्डाला अर्थ. नाहीतर तो आजाराचा ओळखपत्रासारखा पुरावा, एवढेच. इथे डॉक्टरने चिठ्ठीवर काय लिहिले याने काडीचा फरक पडत नाही. धानोऱ्याला किंवा भामरागडला ब्रँड निवडायला दुकाने आहेत कुठे?

आता उद्योगाचा आक्षेप, जो मला डॉक्टरांच्या आक्षेपाइतकाच गंभीर वाटतो. सरकारने किंमत फार दाबली तर औषध बनवणेच बंद होते. हे खरे आहे आणि त्याचा पुरावा सरकारनेच दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये औषध किंमत प्राधिकरणाने आठ औषधांच्या अकरा प्रकारांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवली, कारण त्या भावात बनवणे परवडत नाही अशी उत्पादकांची तक्रार होती. त्यात बेंझाइल पेनिसिलिन होते, दम्याचे सालब्युटामॉल होते, अ‍ॅट्रोपिन होते. ही काही चैनीची औषधे नव्हेत. म्हणून किंमत नियंत्रणाची कुऱ्हाड सगळीकडे चालवा असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण नियंत्रण पातळ केल्याने भले झाले असेही दिसत नाही. १९७९ मध्ये ३४७ औषधे नियंत्रणाखाली होती, १९८७ मध्ये १४२, १९९५ मध्ये ७४ च्या घरात. २०१३ च्या आदेशाने यादी पुन्हा वाढली, पण पद्धत बदलली: उत्पादनखर्च पाहून किंमत ठरवायची सोडून बाजारात ज्यांचा वाटा एक टक्का किंवा अधिक आहे अशा ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढायची. म्हणजे महाग विकणारे जेवढे जास्त, तेवढी मर्यादा वर. आधी चढवलेला भावच मग अधिकृत भाव ठरतो. या दोन्ही अडचणींतून वाट काढणारा एकच घटक आहे: मोठ्या प्रमाणात, हमीने, वेळेवर पैसे देणारा खरेदीदार. पेनिसिलिन बनवणाऱ्याला भाववाढीपेक्षा पुढची तीन वर्षे अमुक इतका माल नक्की घेऊ, ही खात्री जास्त उपयोगाची असते. २०२४ च्या सुरुवातीला क्षयरोगाच्या नेहमीच्या गोळ्यांचा तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना तुम्हीच स्थानिक पातळीवर घ्या म्हणून कळवले, तेव्हा ती खात्री किती पोकळ आहे हे साऱ्या देशाला दिसले.

‘फुकट दिले की किंमत राहत नाही, लोक गोळ्या फेकून देतात’ हा आक्षेप मी एका वाक्यात निकाली काढतो: सिकलसेलच्या पोराची आई कॅप्सूल फेकून देत नाही.

तामिळनाडूचे एवढे गोडवे गायल्यावर एक कबुली द्यावीच लागते. परासियाच्या मुलांना दिलेले ते विषारी औषध तामिळनाडूतच, कांचीपुरम जिल्ह्यातल्या कारखान्यात बनले होते. ज्या राज्याला औषध खरेदी उत्तम जमते, त्याच राज्याला आपल्याच हद्दीतला कारखाना वेळेवर तपासता आला नाही. खरेदी यंत्रणा आणि कारखान्यांची तपासणी ही दोन वेगळी खाती आहेत, आणि एक सुधारल्याने दुसरे आपोआप सुधारत नाही. महाराष्ट्राला हे १९८६ पासून ठाऊक असायला हवे होते. त्या वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्यातही हेच डायएथिलीन ग्लायकॉल. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने अहवाल दिला आणि खरेदीतली हातमिळवणी, प्रशासनातली ढिलाई, मंत्र्यांपर्यंतचा हस्तक्षेप, सगळे नावानिशी मांडले. चाळीस वर्षांनी तेच रसायन, तीच किडनी, फक्त यावेळी रुग्ण पाच वर्षांच्या आतबाहेरचे होते. डायएथिलीन ग्लायकॉल शोधायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. तपासायचे ठरवावे लागते.

नागपूर करारामुळे दर डिसेंबरला विधिमंडळ आमच्या गावी येते. मेडिकल-मेयोतल्या औषधांच्या तुटवड्यावर सभागृहात गदारोळ होतो, आमदार रुग्णालयाला भेट देतात, छायाचित्रे येतात, आणि मंत्री ‘पुरेसा साठा उपलब्ध’ असे सांगतात. यंदा आमदारांनी जेनेरिकची सक्ती करा किंवा करू नका यावर एक शब्दही बोलू नये. त्याऐवजी विचारावे: खरेदी प्राधिकरणाने या वर्षी सोडलेल्या मालापैकी किती बॅच रुग्णालयात पोचण्याआधी तपासल्या गेल्या? नमुना घेतल्यापासून अहवाल येईपर्यंत सरासरी किती दिवस लागतात? अत्यावश्यक यादीतली किती औषधे मेडिकलच्या भांडारात महिनाभरापेक्षा जास्त काळ शून्यावर होती, आणि हायड्रॉक्सियुरिया त्यात होते का? एकूण खरेदीत स्थानिक खरेदीचा वाटा किती? पुरवठादाराचे बिल किती दिवसांत चुकते होते? साठ्याची नोंद ई-औषधी प्रणालीत आहे, बिलांची कोषागारात आहे. ती बाहेर काढायला नवा कायदा लागत नाही, नवे महामंडळही लागत नाही. एक तारांकित प्रश्न पुरतो.